पावसात पहिल्यांदा घाट उतरताय? कार घेऊन कोकणात जाणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

जून लागला की नात्यातलं नाहीतर ऑफिसातलं कोणीतरी विचारतंच, यंदा पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन गावाला चाललोय, घाटात पाऊस लागला तर काय करू. शहरात दोन-तीन वर्षं गाडी चालवलेली असते, सिग्नल, ट्रॅफिक, पार्किंग सगळं जमतं, पण ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट धो धो पावसात उतरायचा हे काम वेगळं आहे आणि ते कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फारसं कोणी शिकवत नाही. म्हणून नवीन लोकांसाठी हे नीट लिहून काढतोय.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यातूनच येतं. ओल्या घाटात जे काही करायचं ते आधी करायचं. ब्रेक वळणाच्या आधी, गिअर उताराच्या आधी, लाईट धुक्याच्या आधी, आणि मागे फिरायचा निर्णय पाण्यात चाक घालायच्या आधी. कोरड्या रस्त्यावर थोडा उशीर झाला तरी टायर सांभाळून घेतात, ओल्यावर घेत नाहीत.

१. निघायच्या आठवडाभर आधी गाडी बघून घ्या

आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी, म्हणजे काही बदलायला लागलं तर वेळ मिळतो.

पहिले टायर. टायरच्या खाचांमध्ये मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिमी उरली असं समजायचं, कायद्याने तीच शेवटची मर्यादा. पण पावसात त्या मर्यादेपर्यंत थांबू नका, कारण खाचांचं काम रस्त्यावरचं पाणी बाजूला फेकायचं आहे आणि ३ मिमीच्या खाली गेलं की ते काम कमी कमी होत जातं. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच भरा, टायर थंड असताना, आणि गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो तो बघा. ओल्यात ग्रिप वाढते म्हणून हवा कमी करा असं काहीजण सांगतात, ते ऐकू नका, कमी हवेचा टायर पाणी नीट कापत नाही. स्टेपनीची हवा पण बघा, ती सगळेच विसरतात.

मग वायपर. रबर कडक झालं असेल, काचेवर रेघा सोडत असेल तर सरळ बदला, एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट गाडीत नाही. वॉशरच्या टाकीत पाणी भरा, कारण पावसात पुढच्या ट्रकचा चिखल काचेवर उडतो आणि नुसत्या वायपरने तो अजून पसरतो. काच आतून कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या, आतून तेलकट थर बसलेला असला की रात्री समोरच्या लाईटने काहीच दिसत नाही.

ब्रेक मेकॅनिककडून बघून घ्या, पॅड किती उरलेत ते, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, जुनं ऑइल लांब उतारावर गरम झालं की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम पोकळ लागतं. साधारण दोन वर्षांनी बदलायचंच. सगळे लाईट चालू करून गाडीभोवती फिरून बघा, मागचे सुद्धा. मागे वजन भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातात, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला लाईट खाली-वर करायचं छोटं चाक असतं ते वापरा.

गाडीत ठेवायचं सामान: टॉर्च, टोइंगचा दोर, लाल त्रिकोण, पॉवर बँक, प्यायचं पाणी, थोडं खायला, एक जुना टॉवेल. काच फोडायचा छोटा हातोडा मिळतो तो घ्या आणि सीटवर बसल्या बसल्या हात पोचेल तिथे ठेवा, डिकीत ठेवून काही उपयोग नाही. नकाशा ऑफलाईन डाउनलोड करा, घाटात रेंज जाते. टाकी घाटाच्या आधीच्या गावात फुल करा.

२. कुठल्या घाटाने आणि कधी

हवामान खात्याचे रंग बातम्यांत रोज येतात पण त्यांचा अर्थ फार कमी जणांना माहीत असतो. २४ तासांत पाऊस ६४.५ मिमीच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर गेला की अतिमुसळधार, आणि २०४.४ च्या पुढे म्हणजे त्याहून टोकाचा, बहुतेक वेळा रेड अलर्ट त्यासाठीच असतो. रेड असेल तर घाटात जायचं नाही, गणपती असो नाहीतर लग्न असो, एक दिवस उशिरा पोचा. ऑरेंज असेल तर नवीन माणसाने तरी पुढे ढकलावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अलर्ट बघताना नुसता पुणे किंवा सातारा बघू नका, घाट विभागाचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. पुण्यात ऊन पडलेलं असतं तेव्हा ताम्हिणीत पाऊस कोसळत असतो. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडला होता, त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटून गेला.

अजून एक गोष्ट जी नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, घाट मोकळा असला तरी घाटाच्या खालचं गाव पाण्यात असू शकतं. वरंधा उतरला की महाड, तिथे सावित्री. कुंभार्ली उतरला की चिपळूण, तिथे वाशिष्ठी. वर मुसळधार पाऊस आणि खाली त्याच वेळी भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही आणि ते शहरात शिरतं. त्यामुळे निघायच्या आधी घाटमाथ्याचा आणि खालच्या जिल्ह्याचा असे दोन्ही अंदाज बघा, भरतीची वेळ बघा आणि खालच्या गावात कोणी ओळखीचं असेल तर सरळ फोन करून विचारा की पाणी कुठपर्यंत आलंय, त्या फोनएवढी ताजी माहिती कुठल्या ॲपवर मिळत नाही.

वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवायचा आदेश बऱ्याच वर्षी निघतो, तो त्या वर्षीचा बघून घ्या. नकाशा ॲप कधीकधी बंद घाट मोकळा दाखवतं किंवा १० मिनिटं वाचवायला एखाद्या गावातल्या अरुंद रस्त्याने घालतं. पावसात एकच नियम, ज्या रस्त्याने एसटी जाते त्याच रस्त्याने जायचं. बॅरिकेड लावलं असेल आणि त्याच्या बाजूने दुचाक्या जात असल्या तरी आपण जायचं नाही.

वेळ दिवसाची. सकाळी उजाडल्यावर घाट सुरू करा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा. रात्री ओला डांबरी रस्ता लाईट गिळून टाकतो, खड्डा आणि पाणी सारखंच काळं दिसतं.

३. घाट सुरू व्हायच्या आधी थांबा

घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी असतेच. थांबा, चहा घ्या, सगळ्यांना पाय मोकळे करू द्या. तिथल्या माणसाला विचारा की खाली कसं आहे, दरड आली का, धुकं आहे का. समोरून घाट चढून आलेला एसटीचा ड्रायव्हर किंवा ट्रकवाला दिसला तर त्याला विचारा, तो अर्ध्या तासापूर्वीचा रस्ता बघून आलेला असतो.

मग निघायच्या आधी हे करा. हेडलाईट लो बीमवर चालू, दिवसा सुद्धा, आपल्याला दिसावं म्हणून नव्हे तर आपण समोरच्याला दिसावं म्हणून. मागे बसलेल्यांसकट सगळ्यांचे बेल्ट. ड्रायव्हरच्या पायाखाली पाण्याची बाटली, चपला काही नको. ओले बूट पेडलवरून सटकतात, तळवे पुसून घ्या. गाणी बंद नाहीतर अगदी बारीक, कारण घाटात हॉर्न ऐकू यायला हवा. एसी चालू, हवा काचेकडे, आणि रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत, तरच काचेवरची वाफ जाते. वाफ आतून आलीय की बाहेरून हे बोट लावून बघा. एसी फार थंड ठेवला तर दमट हवेत काच बाहेरून धुरकट होते, तेव्हा तापमान थोडं वाढवायचं आणि एकदा वायपर मारायचा.

४. उतार: ब्रेकवर नाही, गिअरवर

ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा. म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांना दुसरा, कुठे कुठे तिसरा, खूप तीव्र असेल तर पहिला. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, गाडीने वेग घेतल्यावर नाही. इंजिनचा आवाज वाढतो, नवीन माणूस घाबरतो की इंजिन खराब होईल आणि वरचा गिअर टाकतो. आरपीएमचा काटा लाल पट्ट्यापासून लांब असेल तर इंजिनाला काहीही होत नाही, त्याला गाडी धरून ठेवू द्या. ऑटोमॅटिक गाडी असेल तर नुसतं डी वर सोडू नका, एल किंवा मॅन्युअल मोड घेऊन गिअर खाली धरा, गाडीत ते कसं होतं ते घरीच गाडीची माहितीपुस्तिका वाचून शिकून घ्या.

न्यूट्रल कधीही नाही. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतार उतरणारे लोक अजूनही आहेत, आणि वाचत काहीच नाही, कारण आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. क्लच दाबून उतरणं पण तसंच, तेव्हाही गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर असते.

ब्रेकवर पाय सतत हलका ठेवून उतरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा, परत लागला तर दाबा. सतत घासत राहिले की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. वास आला की रुंद जागा बघून थांबा, वर डोंगर कापलेला नसेल अशी जागा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि २०-३० मिनिटं बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. आणि निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या बाजूला टाका, हे मी कळकळीने सांगतोय, रस्त्यात सोडलेल्या असल्या दगडांमुळे दुचाकीवाले पडतात.

ब्रेक खरोखरच गेले तर पेडल भराभर दाबत राहा, कधीकधी थोडं प्रेशर येतं. एक एक गिअर खाली घ्या, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा, हॉर्न वाजवत राहा. तरीही थांबत नसेल तर गाडी डोंगराच्या बाजूला, गटाराकडे घ्या आणि बाजूने घासत थांबवा. पत्रा नवा मिळतो.

५. वळणं

सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक लावून वेग कमी करायचा, गिअर घ्यायचा, मग वळायचं, आणि वळून झाल्यावर हळू ॲक्सिलरेटर. टायरकडे ग्रिप ठरावीकच असते, तीच ब्रेकला लागते आणि तीच वळायला, ओल्यात ती आधीच कमी झालेली असते, आणि वळणात ब्रेक मारला की दोन्हीला पुरत नाही आणि गाडी सरळ जाते.

वळणाच्या आधी हॉर्न द्या आणि उत्तराला कान द्या. आपली डावी बाजू सोडू नका, वळण आतून कापून जायचा मोह होतो तो टाळा. समोरून एसटी किंवा लांब ट्रेलर येत असेल तर अवघड वळणावर त्याला आपली लेन घ्यावीच लागते, म्हणून वळणाच्या अलीकडेच थांबा, त्याला वळू द्या, मग जा. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. दरीच्या बाजूची साइडपट्टी पावसात भुसभुशीत असते, खालून माती वाहून गेलेली असते आणि वरून काही कळत नाही, त्यामुळे क्रॉसिंगला जागा देताना चाक डांबराखाली उतरवू नका. त्यापेक्षा थांबा आणि समोरच्याला मागे घ्यायला सांगा किंवा आपण रिव्हर्स घ्या.

ओव्हरटेक: नवीन असाल तर घाटात करूच नका. मागचा हॉर्न मारत असेल तर रुंद जागी इंडिकेटर देऊन बाजूला व्हा, त्याला जाऊ द्या. आपण कितीही सावकाश गेलो तरी घाट उतरायला १५-२० मिनिटंच जास्त लागणार असतात.

६. रस्ता कुठे घसरतो ते ओळखायला शिका

सगळा ओला रस्ता सारखा घसरडा नसतो. पहिल्या एक-दोन पावसात सगळ्यात धोका, कारण उन्हाळाभर सांडलेलं तेल, रबर आणि धूळ पाण्याबरोबर वर येते, पुढे चांगला पाऊस झाला की रस्ता धुऊन निघतो आणि उलट थोडा बरा होतो. वळणांवर डिझेल सांडलेलं असतं, पाण्यावर रंगीत तवंग दिसला की समजा. कायम सावलीत असलेल्या वळणांवर हिरवं शेवाळ धरतं. कोकणात उतरल्यावर जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते आणि ओली झाली की साबणासारखी सटकते. लावणीच्या दिवसांत शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडलेला असतो, तो गावाजवळच्या सरळ छान रस्त्यावर असतो म्हणून फसायला होतं. पुलांचे लोखंडी जोड, रंगवलेले पांढरे पट्टे, साचलेला पालापाचोळा, हे सगळं ओलं असताना त्यावर ब्रेक मारायचा नाही, आधी मारून मोकळं व्हायचं. आणि गुरं. पावसात त्यांना चिखलापेक्षा डांबर बरं वाटतं, संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात आणि त्या काळ्या रस्त्यावर अजिबात दिसत नाहीत.

पुढच्या गाडीपासून अंतर कोरड्यापेक्षा दुप्पट. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की मनात सावकाश मोजा, आपण तिथे पोचायला निदान ४ सेकंद लागले पाहिजेत. ५० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं.

गाडीत एबीएस असेल, गेल्या काही वर्षांतल्या कार्सना ते असतंच, तर जोरात ब्रेक लावायची वेळ आली की पेडल पूर्ण दाबून धरा आणि स्टिअरिंगने वाट काढा. पेडल पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो, बरेच नवीन लोक घाबरून पाय काढतात. काढू नका, ते काम करतंय. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही पण ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर काही जादूने कमी करत नाही, तेव्हा त्याच्या जिवावर वेग वाढवू नका.

वळताना पुढचा भाग सरळ सरकायला लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि स्टिअरिंग अजून वळवायच्या ऐवजी थोडं सरळ करा, टायर परत पकडतो, मग वळवा. मागचा भाग बाहेर निघाला तर जिथे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच हळू स्टिअरिंग द्या. दोन्ही वेळा झटका द्यायचा नाही.

७. पाणी साचलेलं आणि पाणी वाहतं

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

साचलेलं पाणी मोठ्या रस्त्यावर, मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरी भागात किंवा एक्स्प्रेस वेवर, वेगात असताना त्रास देतं. पातळ थरावरून वेगात गेलं की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी ब्रेक नाही, वळवायचं नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा, एक-दोन सेकंदांत टायर परत रस्त्याला लागतो. हे होऊ नये म्हणून जोराच्या पावसात ६० च्या आसपासच राहा आणि क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला केलेल्या दोन पट्ट्या दिसतात, अंतर ठेवून त्यांच्यावरून चाला.

खड्ड्यातलं खोल पाणी ओलांडायचंच असेल तर दुसरी गाडी जाताना बघा, तिच्या चाकाचा मध्य बुडत असेल तर आपण जायचं नाही. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मधे गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट करू नका, सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर स्टार्टर मारल्यावर इंजिन कायमचं जातं, ढकलून बाहेर काढा. बाहेर आल्यावर चालत्या गाडीत हलका ब्रेक दोन-तीनदा दाबून ब्रेक कोरडे करून घ्या.

वाहतं पाणी मात्र ओलांडायचं नाही. फरशीवरून, छोट्या पुलावरून, मोरीवरून पाणी जातंय, गढूळ आहे आणि खालचा रस्ता दिसत नाही, तर इथे प्रवास थांबला असं समजा. साधारण एक फूट वाहतं पाणी छोटी कार उचलू शकतं, दोन फूट पाणी मोठी एसयूव्हीसुद्धा ढकलून नेतं. पाण्याचा जोर एकवेळ सोडा, खाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी आणि इतर गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. रोज रस्त्यावर असणाऱ्या एसटी ड्रायव्हरनाही अंधारात पुढचा धोका वेळेत कळला नाही. म्हणून सांगतो, पलीकडे गाव दिसत असलं, पलीकडून लोक या या करत असले, पुढची जीप गेली असली तरी मागे फिरा. पाणी दोन-तीन तासांत उतरतं बऱ्याचदा, उतरलं नाही तर अलीकडच्या गावात मुक्काम करा, कोकणातलं कुठलंही घर पावसात अडकलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाही.

आणि तरीही गाडी पाण्यात गेलीच तर वेळ फार कमी असतो. बेल्ट काढा, लगेच काच खाली करा, इलेक्ट्रिक काचा पाण्यात काही क्षण तरी चालतात, आणि खिडकीतून बाहेर पडा, मुलांना आधी. दार उघडायच्या मागे लागू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. काच उतरली नाही तर हातोडा बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच फुटत नाही, तिच्यावर ताकद घालवू नका.

८. धुकं

आंबोली, माळशेज, ताम्हिणी, महाबळेश्वरच्या आसपास पावसाळ्यात ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीम आणि फॉग लॅम्प एवढंच. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग, २० मीटर दिसत असेल तर २० चाच वेग. डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चाला. मधली रेघ धरली तर समोरचाही तीच धरून येत असतो. ड्रायव्हरची काच थोडी खाली ठेवा, आवाज आधी येतो. पुढच्याच्या मागच्या लाईटला चिकटून जाऊ नका, तो खड्ड्यात गेला तर मागोमाग आपण.

चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची आपल्याकडे सवयच झाली आहे. तसं करू नका, बहुतेक गाड्यांत ते चालू असताना आपण डावीकडे वळतोय की उजवीकडे हे मागच्याला कळत नाही, शिवाय गाडी उभी आहे की चालती हेही कळत नाही. ते गाडी थांबली असेल तरच. अजिबात दिसेनासं झालं तर रस्ता पूर्ण सोडून बाजूच्या मोकळ्या जागेत थांबा, वळणावर कधीच नाही.

९. दरड

दरड येण्याआधी बऱ्याचदा काहीतरी सांगते. रस्त्यावर ताजे छोटे दगड, वरून टपटप माती, काल स्वच्छ असलेल्या धबधब्याचं पाणी आज अचानक लालसर, कड्यावरची झाडं तिरकी, दरीच्या बाजूने डांबराला लांब भेग. यातलं काही दिसलं की तिथे थांबू नका, वर बघा, रस्ता मोकळा असेल तर पटकन पार व्हा, नसेल तर मागे फिरा. कापलेल्या उभ्या डोंगराखाली गाडी उभी करायची नाही, जाळी लावलेली असली तरी. धबधब्याखाली फोटोसाठी थांबणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे, पाण्याबरोबर दगड येतात, आणि वळणावर उभ्या केलेल्या गाड्यांमुळे एसटीला, ॲम्ब्युलन्सला वाट राहत नाही.

पुढे दरड कोसळून रस्ता बंद असेल तर रांगेत अगदी पुढे जाऊन चिकटू नका, मागे वळता येईल एवढी जागा ठेवून थांबा, जेसीबीला यायला उजवी बाजू मोकळी ठेवा. स्वतः उतरून दगड बाजूला करायला जाऊ नका, एकदा आली तिथे परत येते. ११२ ला फोन करा, कोणी जखमी असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जागा सांगताना शेवटचा दिसलेला किलोमीटरचा दगड आणि घाट चढताय की उतरताय हे सांगा.

१०. परतीचा चढ

येताना उतरलात, जाताना चढायचंय, आणि त्यात एकच मोठी भीती असते, चढावर थांबून परत निघायची. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच हळू सोडत गाडी किंचित थरथरली की थोडा ॲक्सिलरेटर आणि मग हँडब्रेक सोडा. हिल असिस्ट (चढावर निघताना गाडी मागे येऊ न देणारी सोय) असेल तर तो दोनेक सेकंदच धरतो हे लक्षात ठेवा. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून उभी करू नका, वीस मिनिटांच्या जॅममध्ये क्लच प्लेट जळते. पुढच्या ट्रकपासून निदान एक गाडी मावेल एवढं अंतर ठेवा कारण लोड असलेला ट्रक निघताना मागे येतो. चाकं ओल्या चिखलात नुसती फिरायला लागली तर ॲक्सिलरेटर वाढवू नका, कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू उचला. टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा, तरी उतरत नसेल तर रुंद जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, निदान अर्धा तास थांबून मगच टॉवेलने धरून हळू फिरवा.